काइमीकाकांचं दार

हॉटेलच्या दारावरच्या काइमीकाकांनी पाहुण्या बाईंच्या गळ्यात चाफ्याचा हार घातला, हवाईच्या रीतीने कपाळाला कपाळ टेकवलं आणि त्यांची बॅग उचलून ते लिफ्टकडे चालू लागले. बाई परत निघाल्या होत्या. विमानतळाची गाडी बाहेर उभी होती. त्या एकदा गाडीकडे, एकदा काकांच्या पाठीकडे बघत राहिल्या आणि मग, का कोण जाणे, मुकाट्याने त्यांच्यामागे गेल्या.

विमान चुकलं. तक्रार बाईंच्या मुलाने केली, तीही थेट होनोलुलूला, मुख्य कचेरीत. दुपारी तिथल्या साहेबांनी हॉटेलच्या मॅनेजरला, केहाउला, फोन केला. ते रागावले नाहीत. आपल्या हिलो गावच्या माणसांचं अगत्य हेच आपलं भांडवल आहे, म्हणाले, पण ते भानावर असलेल्या माणसाचं हवं. म्हाताऱ्याला या आठवड्यात घरी बसवा.

केहाउ खाली आली. बाहेर बारीक पाऊस होता; धुक्यात खाडी आणि आभाळ एकच झालं होतं. काउंटरवरच्या नोहेआला तिने विचारलं, काकांचं हे कधीपासून चाललंय. नोहेआ किल्ल्या पुसत राहिली. मग हळूहळू एकेक गोष्ट निघाली. वर्ष होऊन गेलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं. स्वयंपाकघरातली, धोबीखान्यातली माणसं पाळीपाळीने दाराशी रेंगाळायची, चुकीच्या दिशेला निघालेली बॅग हसत हसत वळवायची, संध्याकाळी काकांना घरापर्यंत सोडून यायची. आज पाळी माळ्याची होती आणि पहाटेच त्याची बायको बाळंत झाली होती.

"मला का नाही सांगितलं कुणी?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्हाला काहीतरी करावं लागलं असतं, ताई."

काकांना सांगायची वाक्यं केहाउने जिना उतरतानाच जुळवून ठेवली होती. ती दाराकडे गेली. काका बाकावर बसून चाफा ओवत होते. तिची चाहूल लागताच ते उठले. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. फक्त आनंद होता.

"दमलीस ना, पोरी? लांबून आलीस?"

त्यांच्या हातातल्या हाराकडे तिने पाहिलं.

"हो," ती शेवटी म्हणाली. "बरीच लांबून."

त्यांनी तिच्या गळ्यात हार घातला. कपाळाला कपाळ, नाकाला नाक लावून दोघांनी एकच श्वास घेतला. ओल्या फुलांचा वास, म्हाताऱ्या अंगाचा वास, पावसाचा वास. त्या एका श्वासात हॉटेल कुठेतरी दूर वाहत गेल्यासारखं झालं. काकांनी तिला बाकावर बसवलं, पाणी आणून दिलं आणि ती पिईपर्यंत समोर उभे राहिले. वरची केबिन मिळाल्यापासून तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने ग्लास दोन्ही हातांत धरून ठेवला. पाऊस पडत राहिला. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही ती विसरली नव्हती, पण ओठांवर काही आलं नाही.

संध्याकाळी तिनेच होनोलुलूला फोन लावला. काका दारातच राहतील, पण दाराची जबाबदारी उद्यापासून माझी, म्हणाली. पुन्हा कुणाचं विमान चुकलं तर जाब मला विचारा. मॅनेजरने दारात उभं राहायचं का, असं साहेबांनी विचारलं. आमच्याकडे घरातलं कर्तं माणूसच दारात उभं राहतं, असं तिने सांगितलं. मग साहेब म्हणाले, बघू. त्या 'बघू'त काकांची नोकरी होती, तशी तिचीही होती, हे तिला कळत होतं.

सकाळी ती काकांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिली. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिची कॉलर नीट केली.

"हात घाईने पुढे करायचा नाही. आधी डोळ्यांत बघायचं."

"बरं, काका."

लिफ्ट उघडली. परत निघालेलं एक वयस्कर जोडपं बॅगा घेऊन बाहेर आलं. काका दोन पावलं पुढे झाले आणि हसून म्हणाले, "या, या. ही मुलगी नवीन लागली आहे. सांभाळून घ्या, शिकेल."

केहाउने मान लववली. मग तिने त्या दोघांच्या डोळ्यांत नीट पाहिलं आणि बॅगेला हात घातला.