मागुराच्या डोळ्यातला दरवाजा

मी एक जुना दरवाजा आहे. जुना म्हणजे किती, असं विचाराल तर जेमतेम पंधरवड्याचा. हसू नका मित्रांनो, आमच्यात पंधरवडा म्हणजे पिकलं पान! मागूर माशाच्या डोळ्यात, मागच्या पडद्यावर, उजेड टिपणाऱ्या लांबट पेशी दाटीवाटीने उभ्या असतात. तशा एका पेशीच्या भिंतीत मी बसलो आहे. शास्त्रज्ञ मला प्रथिन म्हणतात. आणि डोळ्यातल्या दरवाज्याला माणसांचं बोलणं कसं ऐकू येतं, असले फाटे फोडू नका. फाटकी छत्री आत्मवृत्त सांगते तेव्हा तिला कोणी विचारतं का?

माझा जन्म पेशीच्याच खालच्या अंगाला झाला. तिथे एक कारखाना आहे. मणी ओवावेत तसे बारीक तुकडे एकापुढे एक जोडून मला घडवलं, घड्या घातल्या आणि एका चिंचोळ्या बोळातून वर ढकललं. वरची भिंत तुपकट. मिठाचे कण तिच्यातून आपले आपण आत जाऊ शकत नाहीत, त्यांना दरवाजा लागतो. आमची किल्ली पेशीच्या आतच तयार होते. ती येऊन बसली की मी उघडतो आणि मिठाचे कण आत येतात. त्यांच्याबरोबर किंचितशी वीज वाहते. डोळ्यावर उजेड पडला की किल्ल्या मोडतात आणि आम्ही मिटतो.

नीट ऐकलंत ना? अंधारात उघडा, उजेडात बंद! सारं जग दिवा लागला की कामाला लागतं, आमचा धंदा मात्र दिवा लागला की बसतो. आम्ही मिटलो म्हणजेच पेशीला कळतं की उजेड आला. पेशी नसेला सांगते, नस मेंदूला सांगते, आणि मासा ऐटीत म्हणतो, 'मला दिसलं!' आमचं नाव कोण घेतो? कोणी नाही.

मी घडलो तेव्हा आमचा मागूर नागपूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीतल्या टाकीत होता. साल शहाऐंशी. प्रेमिला नावाची मुलगी तिथे संशोधन करायची. जरीपटक्याहून सायकलने यायची. घरातली पहिलीच एम.एस्सी., आणि आता डॉक्टरेटच्या मागे लागलेली. अंधारात आमच्यातून वाहणारी वीज ठरावीक उजेडाची चमक पडताच कशी थांबते, याची एक स्वच्छ रेष तिला यंत्राच्या पडद्यावर हवी होती, आणि त्या रेषेचा फोटो. बस, एवढंच. आमची दखल घेणारं हे एकच माणूस मला आयुष्यात भेटलं.

पण नशीब बघा. दिवसभर शेजारच्या वर्कशॉपात लोखंड कातणारी लेथ चालायची आणि तिच्या मोटरची खरखर प्रेमिलाच्या रेषेत यायची. लेथ बंद व्हायची संध्याकाळी. आठ वाजता चौकीदार इमारतीला कुलूप घालायचा. मधला वेळ तेवढा प्रेमिलाचा, आणि नेमकी तीच तिन्हीसांज!

गोपाळराव सर विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हे हो. पण तिन्हीसांजेला कुठलीही खोली अंधारी ठेवायची नाही, हे त्यांच्या आईने लहानपणीच त्यांच्या हाडात मुरवलेलं. नंदनवन भागातल्या आपल्या घरी निघण्याआधी ते सगळ्या विभागात फेरी मारत. खोलीत शिरायचं, बटण दाबायचं, ट्यूबलाइटला हात जोडायचे, की पुढची खोली. त्यात प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी लावायची नाही, हा नियमही त्यांचाच.

प्रेमिला दुपारभर माशाला काळोखात ठेवायची. मग मिणमिणत्या लाल दिव्यात डोळ्यातला पडदा अलगद काढायची. लाल रंगाचा आम्हाला फारसा त्रास नसतो. सगळं जुळून यायचं, आणि तेवढ्यात झक्! ट्यूब. डोळ्यातून सुटा काढलेला पडदा एवढ्या उजेडात धुऊन निघाला की पुन्हा सावरत नाही. मासाही गेला आणि दिवसही गेला.

"सर, मी सकाळीच सांगितलं होतं ना!"

"अरे हो वं, विसरलोच. पण दिवेलागणीले अंधारात काहून बसून राहते तू? लक्ष्मी दारातून परत जाते."

टाकीतून हे पाहताना माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण ट्यूब लागली की मीही बंद, म्हणजे चरफडायचं तेसुद्धा दार लावून! एकेक करत टाकीतले मागूर संपत आले. वीज मोजायचं यंत्र हैदराबादहून मागून आणलेलं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाणार होतं. सरांनी बजावलं होतं, "रेष नाही आली तर विषय सोड. माशाच्या पोटातले जंत घे, ते कुठी पळत नाहीत." तीन वर्षांची मेहनत आणि शेवटी जंत! टाकीत उरला होता फक्त आमचा मासा.

त्या शेवटच्या दिवशी प्रेमिलाने ट्यूब पेटवणारा स्टार्टरच काढून ठेवला. दाराबाहेर शिपाई मारोतरावांना स्टुलावर बसवलं. "मारोतराव, कोणालेच आत सोडू नका. सरलेही नाही."

"सरले मी कसा अडवू, मॅडम? साहेब हायेत ते."

"पाया पडा, काहीही करा."

आमचा मासा गेला. बिचारा शेवटपर्यंत समजत होता की पाहणारा तोच. प्रेमिलाने केसाहून बारीक तोंडाची काचेची नळी पेशीजवळ आणली, तिला जोडलेली रबरी नळी ओठांत धरली आणि सरबत ओढावं तसा हलकेच श्वास ओढला. आमची पेशी नळीत सरकली. यंत्राच्या पडद्यावर रेष स्थिर झाली. यंत्राचा उजेड पेशीवर पडू नये म्हणून मधे काळं कापड, कॅमेरा तयार. आता चमक द्यायची.

बाहेर आवाज आला. "साहेब, मॅडमनं मना केलं जी."

"काहून गा? दिवेलागण झाली अन् खोलीत अंधार?"

दार उघडलं. सरांनी बटण दाबलं. ट्यूब ढिम्म. पुन्हा दाबलं. "ट्यूब उडाली वाटते," असं पुटपुटत या भल्या माणसाने काय करावं? उदबत्तीसाठी खिशात ठेवलेली काडेपेटी काढली आणि काडी ओढली!

आम्ही सगळे एका दमात मिटलो. रेष टणकन उडाली.

"विझवा!" प्रेमिला किंचाळली. सरांवर आजवर कोणी आवाज चढवला नव्हता. त्यांनी घाबरून फुंकर मारली.

"तुमची लक्ष्मी उजेडात येत असेल, सर," प्रेमिला म्हणाली. "माझी अंधारात येते. तुम्ही रोज तिले दारातून परत पाठवून राहिले."

सर चाचपडत खुर्चीवर बसले.

काडीचा उजेड दुरून आलेला आणि क्षणभराचा, ट्यूबइतका मारक नव्हता. पण किल्ल्या मोडल्या त्या मोडल्याच होत्या. जन्मभर मी नुसता चिडलो होतो, त्या वेळी मात्र मी गयावया केली. ये गं बाई, एक तरी किल्ली ये! खूप वेळ काहीच नाही. मग शेजारचा एक उघडला. मग पलीकडचा. मग मी. रेष हळूहळू मूळ जागी उतरली. बाहेर तिन्हीसांज सरत होती, सर चुळबुळत होते, पण उठले नाहीत.

प्रेमिलाने चमक दिली. रेष उडाली, कॅमेरा खट्कन वाजला. पुन्हा चमक, पुन्हा रेष. फिल्म संपेपर्यंत ती थांबली नाही.

"आली," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

सर यंत्राच्या पडद्याजवळ वाकले. "दिवा लागला की हे मिटतं होय?"

"हो, सर."

"म्हणजे इतके दिवस मीच..." प्रेमिलाने फिल्म काळ्या कागदात गुंडाळली, स्टार्टर जागेवर बसवला. सर उठून बटणापाशी जाऊन उभे राहिले. नुसते उभे. मग म्हणाले, "बेटा, आता लावू का दिवा?"

मित्रांनो, विचारायला काय पैसे पडतात हो? एवढं कोणी आधी विचारलं असतं तर टाकीतले मासे वाया गेले नसते, त्या पोरीची वर्षं जळली नसती. कोणी अंधारात गप्प बसलेलं दिसलं, तर त्याचं भलं करायला लगेच बटणाकडे धावू नका. ते तिथे काम करत असेल. आधी विचारा.

"लावा, सर," प्रेमिला डोळे पुसत म्हणते आहे. सरांचा हात बटणावर आहे. हा उजेड काही मला सोसायचा नाही. निघतो मी. पण विचारून लावलेला दिवा आहे, माझी तक्रार नाही.