उष्टी हवा

जावईबापू कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा पाठवून द्यायचे आणि जावईबापू आपल्या एका खोलीच्या वर्कशॉपमध्ये बसून त्यावर हिरड्या चढवायचे, दात बसवायचे, घासूनपुसून चकाकी आणायचे. इतक्या लोकांच्या हसण्याची आणि चावण्याची सोय त्यांनी लावून दिली, पण त्यातल्या एकाचंही तोंड कधी पाहिलं नाही. अपवाद फक्त सासूबाईंचा. त्यांची कवळी दोन वर्षांपूर्वी जावईबापूंनीच करून दिली होती, अगदी मनापासून, एक पैसा न घेता. सासूबाईंनी ती तोंडात घालून आरशात पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, "छान."

सासूबाई सगळ्यालाच छान म्हणायच्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी गुडघा बदलून घेतला. त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि मुलीचं घर तळमजल्यावर, म्हणून हॉस्पिटलमधून त्या थेट मुलीकडे आल्या. पण मुलगी घरी नव्हतीच. ती बोगद्यांची मोजणी करणारी. कुठे डोंगर पोखरायचा असला की तिला बोलावणं यायचं आणि मग महिनेच्या महिने ती तिकडेच. तेव्हा घरात उरले सासूबाई आणि जावई, दोघंही एकमेकांशी पाहुण्यासारखे वागणारे. जेवताना एकाने पाण्याचा तांब्या उचलला की दुसऱ्याने "अहो, तुम्ही कशाला" म्हणायचं, असं दोन्ही वेळेला चालायचं.

घरासमोर फरशा कापायचा कारखाना होता. दिवसभर करवत किंचाळायची आणि पांढरी धूळ रस्त्याभर पसरायची, म्हणून या घराच्या खिडक्या वर्षानुवर्षं बंद होत्या आणि हॉलमधला एसी चालू. सासूबाई आल्या आणि त्या एसीखाली पायमोजे, शाल आणि कानटोपी घालून बसू लागल्या. जावईबापूंनी विचारलं, "गार जास्त होतंय का, आई?"

"छे! छान आहे," सासूबाई म्हणाल्या आणि खोकल्या.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. "अरे, आईला एसी सोसत नाही. गुडघा आखडतो, घसा धरतो. पण तिने मला सांगितलंय हे तिला कळू देऊ नकोस."

"मला का नाही सांगत त्या?"

"जावई आहेस तू."

जावईबापूंनी एसी बंद केला. संध्याकाळपर्यंत घराची भट्टी झाली. सासूबाई वर्तमानपत्राने वारा घेत म्हणाल्या, "आता छान वाटतंय." त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता.

वर्कशॉपमध्ये कवळ्या घासताना भुगा उडतो, म्हणून तिथे जावईबापूंनी फिल्टर लावलेला पंखा बसवून घेतला होता. त्याच्याकडे बघता बघता त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. धूळ अडली तर खिडकी उघडायला हरकत काय? ते पंखेवाल्याकडे गेले आणि खिडकीच्या चौकटीत बसणारे दोन पंखे घेऊन आले. त्यांच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला, झाडाच्या सावलीत उघडायची. तिथे त्यांनी हवा आत ओढणारा पंखा लावला आणि त्याच्यावर जाड फिल्टर चढवला. सासूबाईंच्या खोलीची खिडकी कारखान्याच्या बाजूला. तिथे हवा बाहेर फेकणारा. सूर्य कलला की पंखे चालू करायचे, सकाळी ऊन वर येईपर्यंत घर गार करून घ्यायचं आणि मग खिडक्या, पडदे लावून तो गारवा दिवसभर पुरवून पुरवून वापरायचा, असा बेत होता.

सगळं बसवून झाल्यावर त्यांनी सासूबाईंना समजावून सांगितलं. "फक्त मधली दारं उघडी ठेवायची, आई. म्हणजे हवा या टोकाने शिरेल आणि त्या टोकाने जाईल."

सासूबाईंनी बोटाने हवेचा रस्ता काढला. "म्हणजे आधी तुमच्या खोलीत."

"हो."

"मग हॉल, मग स्वयंपाकघर, आणि मग माझ्याकडे."

"बरोबर."

"छान," सासूबाई म्हणाल्या.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी आपल्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. पंखे गरगरत राहिले. येणाऱ्या हवेला जायला वाट नव्हती, तेव्हा ती सासूबाईंच्या दाराखालच्या फटीतून घुसू लागली आणि दार शीळ घालू लागलं. घर होतं तसंच तापलेलं राहिलं.

बायकोचा फोन आला. "आई म्हणते, तिला उष्टी हवा मिळते."

"काय मिळते?"

"उष्टी. तुझी वापरून झालेली."

"अगं, हवा कुणी चाटूनपुसून पुढे देतं का?"

"मला नको सांगूस. मी आत्ता डोंगराच्या पोटात आहे. इथली हवा किती जणांनी वापरलीय हे आईला कळलं तर ती मला परत बोलावेल."

जावईबापू भांडकुदळ नव्हते. सुट्टीच्या दिवशी त्यांनी दोन्ही पंखे उतरवले आणि अदलाबदल केली. आता हवा सासूबाईंच्या खिडकीतून आत येणार आणि जावईबापूंच्या खोलीतून बाहेर जाणार. कारखान्याची धूळ तोंडावरच, म्हणून तिथे फिल्टरवर आणखी एक फिल्टर आला. ताजी, पहिल्या धारेची हवा सासूबाईंना, आणि उष्टी जावयाला. सासूबाईंनी खुर्चीत बसून सगळं काम पाहिलं, दोनदा पाणी विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "छान झालं हो."

आणि जेवणं झाल्यावर दार लावून घेतलं.

आता मात्र जावईबापूंना कळेना. पंखा आपल्या खोलीतून हवा बाहेर काढत होता, पण सासूबाईंची वाट बंद असल्याने मिळेल तिथून ओढत होता. न्हाणीघराच्या मोरीतून वास येऊ लागला. शेजारणीने फोडणी दिली की जावईबापूंना शिंका येऊ लागल्या. दार तर आता दुसऱ्या सुरात वाजायचं. असे काही दिवस गेले. फिल्टर पिठाच्या चाळणीसारखा पांढरा व्हायचा, जावईबापू तो धुवायचे, वाळवायचे, परत बसवायचे, आणि घर गार व्हायचं नाव घेत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी, जेवणानंतर थोड्या वेळाने, ते धीर करून दाराशी गेले आणि टकटक केली.

"आई, रागावू नका. दार जरा उघडं ठेवलंत तर हवा खेळेल."

आतून आवाज आला, "अशू द्या हो, जावईबापू. मी अशीच बशते."

जावईबापू तिथेच उभे राहिले. कवळी काढल्यावर माणसाचा 'स' कुठे घसरतो हे त्यांना पाठ होतं. डॉक्टर फोनवर तेच तर विचारत राहतात. सासूबाईंनी वरची कवळी काढून ठेवली होती. रोजच ठेवत असणार. जेवण झालं की काढायच्या, आणि म्हणून दार लावायच्या. हवा ताजी का उष्टी, याच्याशी त्या दाराचा काही संबंध नव्हता. बिनदातांचं तोंड जावयाला दिसू नये, एवढीच गोष्ट होती. आणि तो जावई कोण, तर ज्याने ते दात घडवले तोच.

आता हे बोलायचं कसं? बायकोला सांगावं तर ती आईला सांगणार, आई ओशाळणार, आणि गुडघा बरा व्हायच्या आधीच सासूबाई घरी निघून जाणार. जावईबापू पलंगावर बसून घाम पुसत राहिले. मग उठले, बेसिनपाशी गेले, आपले समोरचे दोन दात काढून वाटीत ठेवले आणि परत दाराशी आले.

हे दोन दात खोटे होते. तरुणपणी ते एका दुकानातून बाहेर पडताना स्वच्छ पुसलेल्या काचेच्या बंद दारातून जायला गेले होते. बायकोला ठाऊक होतं. सासरी सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"आई, एक मिनित," ते म्हणाले. "काम आहे."

आवाज ऐकून सासूबाईंनी दार बोटभर उघडलं. तोंडावर रुमाल धरला होता. जावईबापू हसले. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"हे काय?"

"दोन खोते आहेत. काधून थेवलेत."

"लग्नाच्या वेळी नाही शांगितलंत ते."

"कुनी विचारलं नाही."

"आम्ही काय घोडा घ्यायला आलो होतो, दात बघायला?" रुमाल थोडा खाली आला. "कुणी बनवले?"

"मीच."

"घट्ट बशतात?"

"एकदम घत्त."

"हलत नाहीत?"

"नाही हो."

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग म्हणाल्या, "माझी हलते."

जावईबापूंचं हसू मावळलं. "कधीपाशून?"

"तुम्ही दिलीत तेव्हापाशून. शफरचंद नाही, काकडी नाही. हशले की खाली येते. शिंकले तर जिभेने धरून ठेवावी लागते. शंध्याकाळपर्यंत हिरड्या ठणकतात, म्हणून काढते."

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाने दिलेली वश्तू. नावं कशी ठेवायची?"

जावईबापूंना धंद्यात एवढं कुणी तोंडावर बोललं नव्हतं. त्यांनी हॉलमधला दिवा लावला, सासूबाईंनी दारातून पुढे केलेल्या वाटीतली कवळी उचलली, उजेडात फिरवून पाहिली. डाव्या बाजूला हिरडीपाशी अंतर राहिलं होतं. साचा घेताना डॉक्टरकडून राहिलं की आपल्याकडून, याचा विचार त्यांनी केला आणि सोडून दिला. "चूक आहे," ते म्हणाले. "उद्या डॉक्तरांकदे जाऊन परत शाचा घेऊ."

"मग चार दिवश मी काय करू?"

"माझ्याशारखं. दार उघदं थेवून बशा."

सासूबाईंनी हात लावून दार भिंतीपर्यंत लोटलं. पंख्याचा घरघराट एकदम खाली आला. बाहेर संध्याकाळ नुकतीच निवली होती. हॉलमधलं कॅलेंडर भिंतीवरून उचललं गेलं, टेबलावरचं वर्तमानपत्र एका एका पानाने जमिनीवर उतरलं, आणि जावईबापूंच्या घामेजलेल्या पाठीवरून गार हवेची एक झुळूक गेली. तिच्यामागून दुसरी आली. ते पेपर गोळा करायला वाकले आणि वाकलेलेच राहिले, कारण जमिनीलगत जास्त गार लागत होतं.

त्या चार दिवसांत सासूबाई जेवढं बोलल्या तेवढं आधीच्या साऱ्या वर्षांत बोलल्या नसतील. पंखा आवाज करतो. भाजीत मीठ कमी असतं. चादरीच्या घड्या बायकोने शिकवल्या असतील तर तिला काही येत नाही, आणि स्वतःच शिकला असाल तर आणखी वाईट. हे सगळं त्या दार सताड उघडं टाकून, बिनदातांनी, मोठ्याने बोलायच्या. जावईबापू आपल्या खोलीतून "हो आई" म्हणायचे. घर पहाटेपर्यंत असं निवायचं की त्यांना पायाशी पांघरूण घ्यावं लागायचं.

बायकोने फोनवर विचारलं, "आई हल्ली माझ्याकडे तक्रारच करत नाही. बरी आहे ना?"

"मला थेट सांगतात."

"काय काय?"

"वेळ आहे तुला?" जावईबापू म्हणाले.

नवी कवळी चपखल बसली. सासूबाईंनी डॉक्टरांसमोरच पिशवीतून काकडी काढून खाल्ली आणि जावयाकडे न बघता म्हणाल्या, "ही ठीक आहे." जावईबापूंना 'छान'पेक्षा ते पुष्कळ बरं वाटलं.

गुडघाही सुधारला. जिने चढायला डॉक्टरांनी परवानगी दिली. निघायच्या दिवशी सासूबाईंची बॅग दाराशी होती आणि रिक्षा बोलवायची होती. त्या चप्पल घालता घालता थांबल्या.

"माझ्या घराला खिडक्या एकाच बाजूला आहेत."

"हो, ठाऊक आहे."

"मग हवा आत आली तरी बाहेर जाणार कुठून?"

जावईबापूंनी प्रामाणिकपणे विचार केला. त्या घराचा नकाशा डोळ्यांपुढे आणला, दारं उघडून पाहिली, पंखे इकडून तिकडे लावून पाहिले.

"नाही जाणार," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या, आणि चप्पल काढून आत गेल्या. जावईबापूंनी बॅग उचलली आणि माळ्यावर टाकली.