तांबड्या रेघेची फूटपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फूटपट्टी आहे आणि माझ्या पोटात मत्सर भरलेला आहे. चांगल्या वस्तूंनी असं बोलू नये, पण मी बोलणार.

रत्नागिरीजवळ गोपाळकृष्ण काकांची हापूसची बाग आहे. गावातल्या सुताराने मला रंधा मारून घडवलं ते काकांच्या एका छंदासाठी. दर शनिवारी ते वर्तमानपत्रातले शेअरचे भाव आलेख-कागदावर टिंबांनी मांडत आणि माझ्या कडेने ती टिंबं जोडत.

मग ते टप्पा ओळखत. पहिल्या टप्प्यात भाव आडवा पडून असतो, दुसऱ्यात चढू लागतो, तिसऱ्यात वर जाऊन घुटमळतो, चौथ्यात घसरतो. काका शेअर घेत ते दुसरा टप्पा सुरू होताना. घेतल्याबरोबर आधीच्या खळग्याच्या जरा खाली माझ्या आधाराने तांबड्या शाईची रेघ मारत. तो स्टॉप लॉस. भाव तिथवर उतरला की विकून मोकळं व्हायचं. भाव चढला तर रेघ वर न्यायची, खाली कधीच नाही. "हिच्यासारखी सरळ पट्टी बाजारात मिळायची नाही," असं ते म्हणत, तेव्हा मी फुलून जायची.

मग पुतण्याने, यज्ञेशने, त्यांना मोबाइल आणून दिला. गुळगुळीत, दिव्यासारखा उजळणारा. रेघा आपोआप येत. त्याला उशाशी जागा मिळाली आणि मला कपाटावर. एकदा त्याचा चार्जर कपाटामागे पडला, तेव्हा तो ओढून काढायला मला खाली उतरवलं. सवतीचं लुगडं वाळत घालावं लागलं तर कसं वाटेल, तसं मला वाटलं.

त्या वर्षी आंब्याचे पैसे कमलाकाकूंच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवले होते. तोवर थोडे वाढतील म्हणून काकांनी ते एका शेअरमध्ये घातले. घेतला दुसऱ्या टप्प्यातच. पुढे भाव वर घुटमळला आणि उतरू लागला. तो मोबाइलवरच्या रेघेजवळ आला की काका ती बोटाने खाली सरकवत. शाई थोडीच होती ती.

"अगो, कलम एक वर्ष धरलं नाही म्हणून कोणी तोडतं का?" ते म्हणाले.

"कलम तुम्ही लावलंत, पाणी घातलंत. हा शेअर तुम्हाला ओळखतो तरी का?" काकू म्हणाल्या. "माझे गुडघे सरकवताय तुम्ही खाली."

काकूंनी भिंत धरधरत येऊन मला कपाटावरून काढलं, कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून पुढ्यात ठेवलं आणि तांबडं पेन दिलं. काकांनी भाव मांडले. चौथा टप्पा लख्ख दिसत होता. त्यांनी त्या दिवशीच्या भावाच्या जरा खाली माझ्या कडेने रेघ मारली, तोच आकडा मोबाइलमध्ये घातला आणि पान भिंतीला लावलं.

दोन दिवसांनी भाव रेघेजवळ आला. काकांचं बोट मोबाइलकडे गेलं. मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. भाव रेघेला टेकला आणि शेअर आपोआप विकला गेला. नंतर तो आणखी पुष्कळ पडला, पण आमचं नुकसान आधीच होऊन गेलं होतं. उरलेल्या पैशांत एकच गुडघा झाला.

आज काकू एका पायाने पायरी चढतात आणि दुसरा मागून ओढून घेतात. मोबाइलला मात्र नवं कव्हर आलं आहे. हो, मी अजून जळते.

तर मित्रांनो, रेघ हवी तर मोबाइलवर मारा, पण ती शाईची आहे असं समजून मारा. शिवाय घरातल्या जुन्या पट्टीने चार्जर काढू नका, तिला लागतं.

ती रेघ मारताना लागलेली तांबडी शाई माझ्या कडेला अजून आहे. परवा काका फडकं घेऊन ती पुसायला आले, तेव्हा काकू म्हणाल्या, "राहू दे ती. दुसरा गुडघा व्हायचा आहे."