पाव मापाची पट्टी

मी तोंडाची फटकळ, हे रावपुऱ्यात माझ्या शिवणक्लासला येणारी कोणतीही मुलगी सांगेल. पण त्या वर्षी माझं तोंड सगळ्यांत जास्त सुटलं ते घरात, आमच्या ह्यांच्यावर.

ह्यांचं नाव दीनानाथ. कारखान्यात उभ्याची ड्यूटी. २००३च्या दिवाळीपासून कंबर धरून बसले. पन्नास पावलं चालले की पाय बधिर, की टेकले कुणाच्या तरी ओट्यावर. आणि हाच माणूस सायकलवर टांग मारून पार लांब वासण्याला मित्राकडे पत्ते कुटायला जायचा! मी म्हणायची, भाजीला जायचं तर पाय दुखतात, पत्त्यांना बरे दुखत नाहीत. सोंग आहे सगळं. "तू हो पुढे," एवढंच ते म्हणायचे, आणि मी पिशवी घेऊन खरंच पुढे निघून जायची.

शेवटी एमआरआय झाला. दवाखान्यात प्राची नावाची शिकाऊ डॉक्टर होती. कंबरदुखीच्या साठ पेशंटांच्या फिल्म मोजून ती प्रबंध लिहीत होती. मणक्यांना मागून धरून ठेवणारा एक पिवळा बंध असतो म्हणे, तो जाड झाला की आतल्या नसांना जागा उरत नाही. मोठे डॉक्टर तिच्या आकड्यावर ठरवणार होते. बंध जाड निघाला तर ऑपरेशन, नाहीतर उद्यापासून परत उभ्याची ड्यूटी.

प्राचीने फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, साधी प्लास्टिकची पट्टी ठेवली आणि म्हणाली, "सव्वादोन मिलिमीटर. तीनच्या आत आहे, म्हणजे नॉर्मल."

ह्यांचा चेहरा उतरला. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिलं आलं ते, बघा, मी म्हणत नव्हते? पण नजर फिल्मवरच अडकली. ह्यांच्या पाठीची वीस चित्रं, एकेक पुरीएवढं. त्या ऐसपैस पाठीचा सदरा मी स्वतः बेतते, ती पुरीत मावली कशी?

क्लासात पहिल्या महिन्यात सगळ्या मुली हीच चूक करतात. वहीत ब्लाउजची आकृती पाव मापाने काढायची असते, तिला पाव मापाची वेगळी पट्टी लागते. ती घरी विसरायची, वहीवर साधा टेप लावायचा, येईल तेच खरं माप धरायचं, आणि बाहुलीचं ब्लाउज कापून आणायचं!

मी विचारलं, हे चित्र किती पटीने लहान केलंय? प्राची गोंधळली. ह्यांनी माझा पदर ओढला, डॉक्टरांना शिकवू नकोस म्हणाले. उद्या उभं राहायचंय ह्यांना, आणि भीड मी बाळगायची? मी जागची हलले नाही. चित्राच्या कडेला बारीक रेघांची शिडी होती, शेजारी दहा सेंटिमीटर लिहिलेलं.

"आधी ही मोजा," मी म्हटलं.

शिडी भरली चार सेंटिमीटर.

प्राचीने गुणाकार केला, परत केला. बंध साडेपाच मिलिमीटरच्या वर गेला. ती स्टुलावर बसलीच. म्हणाली, साठांत एकाचाही बंध जाड निघत नव्हता, मला वाटायचं माझा विषयच पोकळ आहे. डोळे भरले होते बिचारीचे, पण उठली. मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने चूक सांगितली आणि ऑपरेशनची तारीख घेऊन आली. मग कपाटातून साठच्या साठ फिल्म काढल्या. परत मोजीन, आणि ज्यांना ज्यांना नॉर्मल म्हणून घरी पाठवलं त्यांना परत बोलावीन, म्हणाली. पोर मला आवडली.

निघताना मी सायकलचं विचारलं. राहवलंच नाही. ती म्हणाली, सायकलवर माणूस पुढे वाकतो, तेव्हा नसांना थोडी जागा मिळते. ताठ चालताना ती मिटते.

"काका सोंग करत नव्हते, काकू."

म्हणजे हिला ह्यांनी सगळं सांगितलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रिक्षा रस्त्यापलीकडे मिळतात, शंभर एक पावलं असतील. अर्ध्यावर हे थांबले, एका दुकानाच्या पायरीवर टेकले आणि सवयीने म्हणाले, "तू हो पुढे."

मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसले.