चिकट बटण आणि चौथी वाट

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी सगळी बटणं अजून शाबूत आहेत, आणि डाव्या कोपऱ्यातलं सगळ्यात खालचं, ज्याला कंट्रोल म्हणतात, ते तर आता लोण्यासारखं चालतं. ही फुशारकी नव्हे. ते असं चालायला लागलं तेव्हा त्याचा काही उपयोग उरला नव्हता. तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. तिथे बायका ओळीने बसून आमच्या अंगावर बटणं ठोकत. माझ्या वाट्याला आलेल्या बाईला सर्दी झाली होती. ती दर दोन बटणांमागे एकदा शिंकायची. ठोकून झाल्यावर तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला आणि मला पुढे ढकललं. आईची माया म्हणाल तर एवढीच.

मग मी एका चष्म्याच्या दुकानात आलो. आठ वर्षं तिथे लोकांचे नंबर लिहिले. उणे दोन, उणे अडीच, अधिक एक. आकड्यांच्या बटणांची अक्षरं पार पुसून गेली आणि बाकीची नव्या नवरीसारखी कोरी राहिली. पुढे दुकानाने बिनवायरचा नवा कीबोर्ड आणला, आणि मालक मला कचऱ्यात टाकायला निघाले. तेव्हा काचा घासणाऱ्या बाई म्हणाल्या, टाकू नका, मी नेते. घरी एक लिहिणारी आहे.

त्यांना घरात ताई म्हणत. वय पन्नासाला टेकलेलं, बोटांना काचेच्या भुकटीचा खरखरीतपणा. लिहिणारी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तिचे डोळे घारे, म्हणून तिचं नाव घारी पडलं आणि ते इतकं चिकटलं, की खरं नाव फक्त औषधाच्या चिठ्ठीवर उरलं. दोघींनी लग्नं केली नव्हती. कुणी विचारलं तर घारी म्हणायची, "आमची कितीतरी झाली. सगळी या पडद्यात."

तेही खोटं नव्हतं. त्या दोघी एका संकेतस्थळासाठी संगणकावरच्या वाचायच्या खेळांची परीक्षणं लिहीत. या खेळांत पळापळ नाही, मारामारी नाही. चित्र दिसतं, खाली एकेक ओळ येते, आणि माझं एन्टरचं बटण दाबलं की पुढची ओळ. मधेच खेळ विचारतो, आता कुणाबरोबर जाणार? जिचं नाव निवडाल तिची वाट उघडते. एका खेळात चार-पाच नायिका, आणि प्रत्येकीची गोष्ट वेगळी.

दोघींचा नियम एकच होता. एकही वाट अर्धी ठेवून परीक्षण लिहायचं नाही. घारी म्हणायची, अर्धं वाचून मत देणं म्हणजे फोडणीच्या वासावर जेवणाला नावं ठेवणं. आणि परीक्षणाखाली नाव एकच असे: दोघी.

घारी बोलायची, ताई टंकायची. घारीने माझ्या बटणांवर मराठी अक्षरांचे छोटे चिकटकागद लावले होते. त्यातला ळ चा कागद पहिल्याच आठवड्यात कुठेतरी उडून गेला, पण ताईच्या बोटाला ळ चं घर पाठ झालं होतं. आयुष्यभर फक्त आकडे लिहिलेल्या मला त्या घरात शब्द भेटले. मित्रांनो, तसं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग घारीच्या डोक्यात गाठ निघाली. तिने आधी डावीकडचं दिसणं नेलं, मग उजवीकडचं. ताईने हजारो लोकांना चष्मे घासून दिले होते, पण घरातल्या त्या दोन डोळ्यांना लागेल अशी काच कुठल्याच कारखान्यात होत नव्हती. डॉक्टर म्हणाले, आता महिने मोजू नका.

त्याच सुमारास संकेतस्थळाच्या संपादकांनी एक नवा खेळ पाठवला. बाजारात यायचा होता, फक्त परीक्षणासाठी आधी दिलेला. नाव होतं 'चौथ्या मजल्यावरची दोरी'. एक घड्याळजी एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दुकान थाटतो, आणि तिथे राहणाऱ्या बायकांशी त्याची ओळख होते. बेकरीवाली, जिचा पाव कधी थंडच होत नाही. लिफ्ट चालवणारी, जी इमारतीत नसलेल्या सातव्या मजल्यावर माणसं सोडून येते. शाळेतली बाई, जिची सावली तिच्या तासभर आधी घरी पोचते. आणि चौथ्या मजल्यावरची भाडेकरू, जिने दोरीवर घातलेले कपडे कधी वाळतच नाहीत. ती मेलेली आहे. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे, फक्त तिला नाही.

भुताखेतांचा खेळ म्हणावा तर त्यात कुणी कुणाला घाबरवत नाही. साबण आणायचा, जिने झाडायचे, लिफ्ट बंद पडली की कुरकुर करायची. घारीला हेच आवडलं. ताई मोठ्याने वाचायची आणि घारी उशीला टेकून ताशेरे मारायची. बेकरीवालीच्या वाटेवर ती खूश झाली. शाळेतल्या बाईच्या वाटेत म्हणाली, मधे फार पाणी घातलंय. लिफ्टवालीच्या वाटेवर तर तिने लिहायला सांगितलं, की हा घड्याळजी चार बायकांना वेळ देतो आणि गिऱ्हाइकाला मात्र एकालाही देत नाही.

हे वाक्य सांगताना ती स्वतःच इतकी हसली, की हातातल्या चमच्यातलं औषध माझ्यावर सांडलं. दाट, गोड, लालसर औषध. ते नेमकं कंट्रोलच्या बटणाखाली उतरलं.

ताईने पदराने वरवर टिपलं आणि म्हणाली, "आत गेलंय बहुतेक. नंतर बघते."

मित्रांनो, हे 'नंतर' लक्षात ठेवा.

कंट्रोलचं काम काय, तर ओळी पळवायच्या. नव्या वाटेला लागताना आधी वाचलेला भाग पुन्हा येतो. तेव्हा कंट्रोल दाबून धरलं की ओळी झरझर निघून जातात. त्या दिवसापासून माझं ते बटण खाली गेलं की वर यायला कां-कूं करू लागलं. ताई नखाने टिचकी मारून ते उचलायची. दुकान, स्वयंपाक, औषधं, घारीला कूस बदलून देणं. टिचकीवर भागत होतं, तर साफ करायला कुणाला सवड होती?

चौथी वाट पहिल्या तीन पूर्ण केल्यावरच उघडते. आणि तिची एक अट होती, ती खेळाने सुरुवातीलाच सांगितली होती: या भाडेकरूचा निरोप एकदाच घेता येईल. शेवट झाला की ती खेळातून जाते, साठवलेलं सगळं पुसलं जातं. पुन्हा भेटायचं तर चारही वाटा पहिल्यापासून.

घारीने ही वाट पुरवून पुरवून ऐकली. ताई दुकानातून आली की जेवणाआधी एक प्रसंग, बस. ताईच्या लक्षात आलं होतं, की ती गोष्ट लांबवत नाहीये, दिवस लांबवतेय. शेवटचा प्रसंग उरला तेव्हा घारी म्हणाली, "मला एवढंच बघायचंय ताई, की तिला कळतं तेव्हा ती घाबरते का."

माझ्यावर ठेवलेली ताईची बोटं गार पडली होती, ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती अर्धी सुट्टी घेऊन आली. घारीला नीट बसवलं, पाठीला दोन उशा दिल्या. आदल्या दिवशी वाचलेल्या दहा-बारा ओळी पुन्हा आल्या, म्हणून तिने कंट्रोल दाबलं.

ते खाली गेलं आणि वर आलंच नाही.

जुन्या ओळी पळाल्या आणि त्यांच्यामागून नव्या ओळीही पळू लागल्या. ताईने टिचकी मारली. पुन्हा मारली. नख घातलं, ते मोडलं. पडद्यावर जिना दिसला, दोरी दिसली, भाडेकरूचा चेहरा दिसला आणि गेला. मी माझ्या परीने जोर लावत होतो, पण औषध सुकून त्याचा डिंक झाला होता. वायर ओढायचं ताईला सुचलं तोवर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकून गेली होती. मग पहिला पडदा आला. इमारतीच्या चार खिडक्यांपैकी चौथीत अंधार होता, आणि दोरी रिकामी.

सगळं मिळून वीस-पंचवीस सेकंद. खेळ अजून बाजारात नव्हता, म्हणजे शेवट कुणाला विचारायचीही सोय नव्हती. चारही वाटा पुन्हा चालायला दीड महिना लागला असता. घारीकडे दीड महिना नव्हता.

"काय गं," घारी म्हणाली, "थांबलीस का? आणि संगीतही बंद झालं."

ताईने पदराने तोंड पुसलं. मग मला मांडीवर घेतलं, आणि म्हणाली, "या प्रसंगाला संगीतच नाहीये. मुद्दामच ठेवलं नसेल. ऐक."

आणि ती सांगू लागली. समोर रिकामी दोरी, आणि ताई ओळीमागून ओळ सांगतेय. घारीला ओळींचा हिशेब कानाने ठाऊक होता, म्हणून ताई प्रत्येक वाक्यानंतर माझं एन्टर दाबत होती. माझी वायर तर जमिनीवर लोंबत होती. आयुष्यात मी बिनचूक आकडे लिहिले, खरे शब्द लिहिले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मी खोटा वाजलो.

ताई म्हणाली, घड्याळजी चौथ्या मजल्यावर जातो. भाडेकरू दोरीपाशी उभी असते. तो तिला सांगतो. टक. ती त्याच्याकडे बघते. टक. मग वळून चादरीला हात लावते.

"आणि?" घारी म्हणाली.

"आणि म्हणते, अगंबाई, वाळले की. चला, घड्या घालायला लागायला हवं."

"घाबरत नाही?"

"नाही. एक टोक त्याच्या हातात देते, एक आपण धरते. दोघं मिळून चादर झटकतात. घडी घालतात. शेवटच्या घडीला त्याच्या हातात चादर असते आणि समोर कुणी नसतं."

टक.

घारीने उशीवर डोकं टेकलं. मग म्हणाली, लिहून घे. पुढचे तीन दिवस ती थोडं थोडं सांगत राहिली. शेवटचा परिच्छेद असा होता: 'सगळा खेळ गोड आहे, पण मोठा आहे तो शेवटच्या प्रसंगात. तिथे संगीत बंद करायला छाती लागते, आणि तिला घाबरू न देता चादरीची घडी घालायला लावायलाही. हा प्रसंग कुणीतरी आपल्या एकटीसाठी लिहिलाय असं वाटतं. पाचपैकी पाच.' खाली नेहमीसारखं, दोघी.

हे टंकताना ताईचा हात दोनदा थांबला. घारीला खरं कळलं होतं का? मला माहीत नाही. मी तिच्या आवाजावरून ताडायचा फार प्रयत्न केला, पण माझं शिक्षण बोटांचं आहे, आवाजाचं नाही.

परीक्षण गेलं, त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी घारी गेली. मी पलंगाशेजारच्या टेबलावरच होतो. गोष्टीतल्यासारखं झालं नाही, मित्रांनो. ती घाबरली. फार घाबरली. ताईची बाही मुठीत धरून तिने विचारलं, "ती घाबरली नव्हती ना? खरं सांग."

"नाही गं घारे. कपडे वाळले म्हणाली."

"माझे नाही वाळले अजून," घारी म्हणाली.

ती मूठ नंतर एकेक बोट करून सोडवावी लागली.

पंधरा दिवसांनी खेळ बाजारात आला, आणि परीक्षणाखाली लोक लिहू लागले. हा शेवट कुठला? आम्हाला नाही दिसला. शेवटची वीस मिनिटं तर नुसतं संगीत आहे. एकाने लिहिलं, ती बाई जिन्यात बसून रडते, मला धरून ठेवा म्हणते, कपडे ओलेच राहतात, आणि यांना म्हणे ती घाबरली नाही. दुसऱ्याने लिहिलं, दोघींपैकी एकीने तरी खेळ खेळला होता का?

ताईने ते सगळं वाचलं. खरा शेवट तिला असा कळला.

संपादकांचा फोन आला. माणूस भला होता, बोलताना चाचरत होता. म्हणाला, मॅडम, तुमचं परीक्षण मी कधी तपासून घेतलं नाही, गरजच पडली नाही. शेवटचा परिच्छेद तेवढा दुरुस्त करून द्या.

ताई माझ्यासमोर बसली. परिच्छेदाच्या शेवटी रेघ लुकलुकत होती. तिने बोट खोडायच्या बटणावर ठेवलं. 'पाच' मधला च गेला. मग बोट तिथेच राहिलं. घारीचं शेवटचं बोललेलं जगात तेवढंच उरलं होतं, आणि ते खोटं होतं, आणि ते खोटं ताईचं होतं. तिने तो च परत लिहिला आणि फोन उचलला.

"सगळंच काढून टाका," ती म्हणाली. "अर्धं ठेवायचं नाही आमच्यात."

दुसऱ्या दिवशी ते गेलं. दोघी हे नाव त्यानंतर कुठे छापलं गेलं नाही.

त्या रविवारी ताईने मला उपडं केलं, झटकलं, आणि चष्म्याच्या दुकानातला बारीक पेचकस घेऊन कंट्रोलचं बटण उचकटलं. खाली लाल डिंक होता. कापसाचा बोळा कोमट पाण्यात बुडवून तिने तो पुसला. बटण परत बसवलं, दाबलं. ते वर आलं. पुन्हा दाबलं. पुन्हा वर आलं. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

दोन मिनिटं लागली होती.

ती ते बटण दाबत बसली. दाबायची, ते वर यायचं. दाबायची, ते वर यायचं. भाजी करपल्याचा वास आला तरी उठली नाही.

आता मी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे, औषधांच्या रिकाम्या डब्यांशेजारी. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात काहीतरी अडकत असेल. बिजागरी, चेन, बटण. टिचकी मारली की भागतंय म्हणून तुम्हीही पुढे जात असाल. मला शहाणपण शिकवायचं नाही, तो अधिकार माझा नाही. फक्त एवढं करा, आजच उठा आणि ते पुसून घ्या. दोनच मिनिटं लागतात. ती आमच्याकडेही होती.