उजवी कूस

उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, निघायला दीड महिना उरला होता आणि आनंदानं अख्तरुन्निसाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. त्यातला उजवा तर दुखण्यामुळेही ठरत नव्हता, पण ते घरात सांगायची सोय नव्हती. तिचा नवरा ताजुद्दीन म्हणजे थंडा माणूस. एपीएमसीच्या घाऊक बाजारात जन्मभर आंब्याची दलाली केली, पण घाई म्हणून कसली नाही. तब्येत बरी नसेल तर पुढच्या वर्षी जाऊ, असं म्हणून त्यांनी हा प्रवास दोनदा पुढे ढकलला होता. तिसऱ्यांदा तिला ते सोसवलं नसतं.

पण लेकीनं, समरानं, तिला जिन्यात कठडा धरून चढताना पकडलंच. शेजारच्या नमितानं लगेच निकाल दिला, खुबा गेला, बदलावा लागणार. झालं! ताजुद्दीननी डॉक्टरची वेळ घेतली आणि अख्तरुन्निसाला प्रवास तिसऱ्यांदा हुकताना दिसू लागला.

वाशीच्या डॉक्टर वैदेहींनी तिचा पाय आत-बाहेर फिरवला. काही नाही. जांघेत दाबलं. तिथंही काही नाही. मग खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर बोट ठेवलं आणि अख्तरुन्निसा कळवळली. डॉक्टर चक्क हसल्या. याचा तिला फार राग आला.

हाडावरून स्नायूची पट्टी सरकते, ती घासू नये म्हणून मध्ये पातळशी पिशवी असते, डॉक्टर समजावू लागल्या. मग विचारलं, झोपता कोणत्या कुशीवर?

उजव्या, तिनं अभिमानानं सांगितलं. उजव्या कुशीवर झोपणं ही पैगंबरांची रीत, लहानपणापासून आईनं तीच शिस्त लावलेली. शिवाय हल्ली ती मुद्दाम जोर देऊन झोपायची, दुखरी जागा दाबली की गप्प बसेल म्हणून.

“सांधा ठणठणीत आहे, मावशी. त्या पिशवीला सूज आलीय. सांगते ते व्यायाम नेमानं करा आणि बरं वाटेपर्यंत उजवी कूस सोडा. तुम्ही उमऱ्याला जाताय.”

तिनं बिचकून नवऱ्याकडे पाहिलं. आजाऱ्याला सवलत असते, ताजुद्दीन म्हणाले.

त्या दुपारी गुडघ्यांमध्ये उशी घेऊन ती पहिल्यांदाच डाव्या कुशीवर वळली. ताजुद्दीन नेहमीसारखे उजव्या कुशीवर, म्हणजे तिच्याकडेच तोंड करून पडले होते. डोळे मिटलेले, पण ओठ हलत होते. लब्बैक अल्लाहुम्म लब्बैक, हजर आहे मी, अल्लाह, हजर आहे, ही मक्केच्या वाटेवर यात्रेकरूंनी द्यायची हाक. आवाज न करता, पुन्हा पुन्हा. ती बघतच राहिली. या माणसाला कशाची ओढ नाही, असं ती आजवर समजत आली होती.

त्यांनी डोळे उघडले आणि ओशाळले.

“सराव करतो,” ते म्हणाले. “रोजच. तुजी पाठ असते, तुला कुठं दिसणार?”