धोट्याची बाई

थोरलीच्या घरात शिरणाऱ्याला आधी माग दिसायचा, मग कुत्रा, आणि सगळ्यात शेवटी थोरली. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी रस्त्याकडची मोठी खोली मागानेच गिळली होती. भिंतीवर लोकरीच्या लडी टांगलेल्या, खिडकीशी धागा गुंडाळलेल्या कांड्यांची टोपली आणि उरल्यासुरल्या जागेत एकच खुर्ची. पाहुण्याला बसायचं तर तिच्यावरचा सुताचा गुंता आधी उचलून ठेवावा लागे. थोरली शाली आणि पांघरुणं विणायची. माग वडिलांनी शिकवला. वडील गेले, आईने अंथरूण धरलं, आईचं करता करता लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कळलंही नाही. मग आईही गेली आणि माग तेवढा राहिला. त्याबद्दल ती कुरकुरत नसे. पण कुणी "तुमचं बरंय हो, एकट्या जिवाला लागतं किती" असं म्हटलं, की मागाची फणी जरा जास्तच जोरात आदळायची.

कुत्रा तिने हौसेने आणलेला नव्हता. तिची लोकर रंगवून देणारा म्हातारा रंगारी दुकान बंद करून मुलाकडे राहायला निघाला, आणि सुनेला कुत्र्याच्या केसांचं वावडं. "चार दिवस ठेवून घ्या बाई, बघतो काहीतरी," म्हणाला आणि दोरी तिच्या हातात देऊन गेला तो गेलाच. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं पुटपुटत थोरलीने त्याला आत घेतलं. तांबूस रंग, बेताचं अंग, एक कान उभा आणि एक कायमचा पडलेला. पहिल्या दिवशी तो दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत असा काही पळत सुटला, की उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे धावणारा मागाचा धोटाच जणू. तेच नाव पडलं.

धोटा आल्यावर थोरलीला रस्ता कळला. एरवी ती लोकर आणायला आणि माल पोचवायला तेवढी खाली उतरायची. आता सकाळ-संध्याकाळ उतरावंच लागे. इतकी वर्षं जो बेकरीवाला पाव देताना मान वर करत नव्हता, तो आता "काय धोटोबा, झोप झाली का?" म्हणून कडेचा तुकडा टाकू लागला. किल्ल्या बनवणारा त्याच्या मानेखाली खाजवायचा. शाळेतून परतणाऱ्या पोरी त्याच्याभोवती गोळा व्हायच्या. थोरलीचं नाव त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ती 'धोट्याची बाई' होती, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. इतक्या वर्षांत प्रथमच ती कुणाची तरी कुणीतरी झाली होती.

मात्र माग म्हणजे माग. ताणा चढवायचा असला, म्हणजे शेकडो उभे धागे एकेक करून फणीतून ओढायचे असले, की कुत्रा मोकळा असून चालत नसे. एकदा त्याने शेपटीने असा गोंधळ घातला होता, की सगळं काम कात्रीने कापून टाकावं लागलं. तेव्हापासून अशा दिवशी ती त्याला मागाच्या पायाला बांधून ठेवायची. तो आधी कुंई कुंई करायचा, मग पंजांवर तोंड ठेवून तिच्याकडे बघत राहायचा. "बघू नकोस असा," ती म्हणायची, "मीसुद्धा इथेच बांधलेली आहे."

अशात चिमणी आली. चिमणी म्हणजे तिची धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी घरात नाव चिमणीच. तिच्या नवऱ्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं आणि ते खऱ्या अर्थाने चालवायची चिमणी. नवऱ्याने एके दिवशी दुकान परस्पर विकलं आणि दुसरीकडे दुसरा संसार मांडला. चिमणी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली.

"ताई, चार दिवस राहते."

"ये. पण त्या लडींना हात लावू नकोस, ओल्या आहेत."

एवढंच बोलणं झालं. थोरलीने मागच्या खोलीत तिचं अंथरूण घातलं आणि रडणं ऐकू येऊ नये म्हणून चिमणी तोंडात उशी धरून रडत असताना ही इकडे उगाच भांडी आवरत राहिली. धोटा मात्र सरळ आत गेला आणि चिमणीच्या पायाशी जाऊन पडला.

चिमणी रडली, पण फार दिवस नाही. तिचा स्वभाव बोलका, हात सतत काहीतरी करायला शोधणारे. तिने खिडकीच्या काचा पुसल्या, खुर्चीवरचा गुंता सोडवला, आणि ताणा चढवायच्या दिवशी धोट्याला बांधू न देता त्याला घेऊन लांब नदीपर्यंत फिरून येऊ लागली. घरात हसण्याचा आवाज यायला लागला. थोरलीला कधीकधी वाटे, आपण विणत असताना पाठीमागे कुणीतरी बडबडत असावं, हे आपल्याला हवंच होतं, फक्त माहीत नव्हतं.

एकदा थोरलीने नुकतंच मागावरून उतरवलेलं पांघरूण घडी घालायला जमिनीवर पसरलं, तर धोटा चिखलाच्या पायांनी त्याच्या मधोमध जाऊन झोपला. थोरली ओरडणार, तेवढ्यात चिमणी म्हणाली, "थांब ताई, उठवू नकोस त्याला!" आणि तिने मोबाइलवर फोटो काढला. पडलेला कान, तोंडावर जग विकत घेतल्याची गुर्मी. खाली तिने लिहिलं: 'नवीन पांघरूण. गिऱ्हाईक उठायला तयार नाही.'

तो फोटो कुठल्या कुठे गेला. आधी दहा जणांनी विचारलं, मग शंभरांनी, की हे पांघरूण मिळतं कुठे. ज्या मालासाठी थोरली दुकानदारांच्या पायऱ्या झिजवायची, तो आता मागावरून उतरायच्या आधीच विकला जाऊ लागला. चिमणी रोज फोटो काढायची: पांघरुणातून फक्त नाक बाहेर काढलेला धोटा, शाल घेऊन रुसून बसलेला धोटा. मध्येच एकदा थोरलीलाही मागावर बसवून तिचा फोटो काढला. मालावर लावायला पट्टी छापून आणली: 'ताईच्या हातचं'. थोरलीने ती पट्टी बोटावर घेऊन कितीतरी वेळ बघितली. वडिलांच्या मालावर कधी कुणाचं नाव नव्हतं.

पण माग एक आणि हात दोन. मागणी वाढत गेली तसे फणी ओढायचे दिवस लांबत गेले, आणि थोरलीचा उजवा खांदा धरला. आधी तेल चोळलं, मग शेक दिला, मग हात केसांपर्यंतही जाईना, तेव्हा चिमणी तिला बळेच डॉक्टरांकडे घेऊन गेली. माग बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं. किती दिवस, तर खांदा सांगेल तितके.

त्या आठवड्यात चिमणी रोज दुपारी कुठेतरी जाऊन यायची. मग एका सकाळी तिने पिशवीतून एक पांघरूण काढून थोरलीच्या मांडीवर ठेवलं. तीच चौकटीची वीण, तेच तांबडे-राखी रंग.

"बघ कसं वाटतं."

थोरलीने डाव्या हाताने काठ चाचपला. "गिरणीचं आहे."

"आहे. पण चांगलं आहे. तुझा खांदा बरा होईपर्यंत—"

"आणि पट्टी कुठली लावणार?"

चिमणी खिडकीबाहेर बघायला लागली. थोरलीला उत्तर मिळालं.

"हे चालायचं नाही, चिमणे. माझ्या नावावर गिरणीचं कापड? लोक माझं काम म्हणून घेतात."

"लोक तुझं काम घेत नाहीत, ताई." चिमणी हे चढ्या आवाजात बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू, समजावणीच्या सुरात बोलली. "तुझं काम इतकी वर्षं होतंच की. कोण आलं होतं विचारायला? लोक धोट्याला घेतात. तो गोणपाटावर बसला ना, तर गोणपाटही खपेल."

हे थोरलीच्या जिव्हारी लागलं, कारण ते खोटं नव्हतं. आणि खरं बोलणाऱ्याला गप्प करायला माणसाच्या हाताशी एकच हत्यार असतं.

"दुकान नवऱ्याचं होतं," ती म्हणाली, "घर माझं आहे, कुत्रा माझा आहे. तुझं स्वतःचं असं आहे काय गं?"

चिमणीने ते पांघरूण उचलून परत पिशवीत भरलं. धोटा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत शेपूट हलवत राहिला. भांडण झालं की शेपूट हलवली म्हणजे मिटतं, अशी त्याची समजूत होती.

पुढच्या आठवड्यात चिमणीने शहराच्या दुसऱ्या टोकाला जागा घेतली. बॅगा उचलताना ती म्हणाली, "धोट्याला दोन दिवस नेते. थोडे फोटो काढायचेत. आणून सोडते." थोरली भिंतीकडे तोंड करून खांद्याचा व्यायाम करत होती. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलली की दुखलं म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

दोनाचे किती दिवस झाले, ते थोरलीने मोजायचं टाळलं. फोन केला की चिमणी म्हणे, "उद्या आणते गं, आज माल जायचाय." शेवटी थोरली पट्टा हातात घेऊन बसमध्ये बसली.

जागा तळमजल्याची होती. पुढे थोडं गवत, फाटकाला हिरवा रंग. आत भिंतीला लागून पांघरुणांचे गठ्ठे रचलेले आणि टेबलावर कापलेल्या पट्ट्यांचा ढीग: 'ताईच्या हातचं', 'ताईच्या हातचं', 'ताईच्या हातचं'. थोरलीला पाहताच धोटा वेड्यासारखा धावत आला. अंगावर उडी मारली, तोंड चाटलं, तिच्याभोवती घिरट्या घातल्या, आनंदाने शिंकलासुद्धा. थोरलीचे डोळे भरून आले. त्याचं अंग भरलं होतं आणि केसांना चकाकी आली होती, हेही तिने पाहिलं.

"चहा टाकू?" चिमणीने विचारलं.

"नको. याला घेऊन जाते."

"घेऊन जा की. तुझाच आहे." चिमणीने पट्टा अडकवायला कुत्र्याची मान धरून दिली. "खांदा कसाय?"

"आहे."

धोटा दारातून उड्या मारत बाहेर पडला. गवतावरून पुढे पुढे पळत गेला. पण फाटक उघडून थोरली रस्त्यावर आली, तसा तो फाटकाच्या आतच बसला. तिने पट्टा ओढला. त्याने पाय रोवले. "चल, धोट्या. चल बाळा." त्याने शेपूट हलवली, पण जागचा उठला नाही. तिने डाव्या हाताने जोर लावला, तेव्हा तो बारीक आवाजात कण्हला. बांधलेला असताना कण्हायचा, तेच कण्हणं. रस्त्यावरून जाणारं एक जोडपं थबकून बघायला लागलं. बाईने मोबाइल काढला. "अय्या, हा तोच नाही का?"

थोरलीने मागे वळून पाहिलं. चिमणी दारात उभी होती, दोन्ही हातांची घट्ट घडी घालून. तिने त्याला हाक मारली नाही, की चुचकारलं नाही. एकदा जरी "धोट्या" म्हणाली असती, तर थोरलीला आयुष्यभर तिला दोष देता आला असता.

थोरली खाली वाकली, त्याच्या पट्ट्याचा हूक काढला आणि त्याचा पडलेला कान एकदा सरळ करून पाहिला. तो परत पडला. मग तिने फाटक बाहेरून लावून घेतलं.

"ताई," आतून चिमणी म्हणाली, "मी हाक मारली नाही हं."

"पाहिलं मी," थोरली म्हणाली.

खांदा हळूहळू सुटला. थोरली पुन्हा थोडं थोडं विणू लागली. एखादी शाल, तीही ओळखीच्या जुन्या दुकानदारासाठी. खाली उतरायचं कारण उरलं नव्हतं. पावासाठी गेली, तर बेकरीवाल्याने सुरुवातीला विचारलं, "धोटोबा कुठाय?" "बहिणीकडे." पुढे विचारणंही थांबलं आणि त्याची मान परत खाली गेली. शाळेच्या पोरी तिच्याशेजारून बडबडत निघून जायच्या. त्यांचा काही दोष नव्हता. नुसत्या बाईला ओळखायचं कशावरून?

थंडीच्या दिवसांत ती एकदा खांदा दाखवायला दवाखान्यात गेली. बाकावर शेजारी एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बसली होती. म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर तांबडं-राखी पांघरूण होतं. बाई मघापासून थोरलीकडे निरखून बघत होती.

"तुम्ही त्या ताई ना? पांघरुणांच्या? फोटो पाहिलाय तुमचा मागावरचा!" तिने वडिलांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं, "बाबा, हे यांनी विणलंय. यांनी. हाताने!"

म्हाताऱ्याने कापऱ्या बोटांनी पांघरूण कुरवाळलं. "ऊब आहे हो," तो म्हणाला. "रात्री सोडवत नाही."

थोरलीने टोक हातात घेतलं. काठ पट्टीने आखल्यासारखा सरळ होता. असा काठ माणसाच्या हातून कधी निघत नाही. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. पण मग बाईने विचारलं असतं की मग हे कुणाचं, आणि बहिणीची गोष्ट निघाली असती, कुत्र्याची निघाली असती. शिवाय म्हातारा तिच्याकडे बघून हसत होता. असं कौतुकाने तिच्याकडे कुणी पाहिल्याला बरेच दिवस झाले होते, आणि ते हसू परत करायचा तिला धीर झाला नाही.

"हो," ती म्हणाली. "माझ्याच हातचं आहे."

"तरीच! हाताचं ते हाताचंच. कळतं लगेच." बाई खूश झाली. "धुवायचं कसं हो हे?"

"गार पाण्यात," थोरली म्हणाली. "आणि पिळू नका."

तेवढ्यात आतून तिचा नंबर पुकारला. पांघरुणाचं टोक तिने म्हाताऱ्याच्या गुडघ्याखाली नीट खोचलं आणि ती उठली.